काच अखंड आहे का?

३ मे

गुहा सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचा कागद आज आला. देवस्थानच्या सुरक्षा समितीवर माझे हे सातवे वर्ष. मजकूर माझाच, सहीची जागा तीच, फक्त वर्षाचा आकडा बदललेला. नवे एवढेच, की माझ्या सहीच्या वरची जागा कोरी आहे. देवस्थानच्या नव्या इंजिनियरबाईंनी सही केलेली नाही. सोबत चिठ्ठी — "प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करता येणार नाही. क्षमस्व." क्षमा कशाबद्दल, ते कळले नाही. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण. ते मागणाऱ्याने क्षमा मागू नये.

युक्तिवाद मी बांधलेला, म्हणून तो पुन्हा एकदा तपासला. गुहेच्या छतात भेग आहे. ती पिंडीच्या बरोबर वर सुरू होते आणि पूर्वेच्या भिंतीवरून माणसाच्या उंचीपर्यंत खाली उतरते. सात वर्षांपूर्वी छताचा एक कपचा पडला, तेव्हा त्या भेगेवर आडवी एक काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर लावून बसवली. काच ताणली जात नाही. भेग केसभर रुंदावली तरी ती तडकते. काच तडकलेली नाही. म्हणून भेग रुंदावलेली नाही. म्हणून यात्रा उघडण्यास हरकत नाही. यात कुठेही छिद्र नाही.

वर्षातून एकदा गुहेचा पुजारी — म्हणजे माझा धाकटा भाऊ — एक तक्ता भरून पाठवतो. त्यात प्रश्न एकच. "काच अखंड आहे का?" उत्तर होय किंवा नाही. आधीच्या इंजिनियरांनी अर्धे पान प्रश्न काढले होते. ते मीच खोडले. ज्याला दोनपेक्षा जास्त उत्तरे संभवतात तो प्रश्न नव्हे, गप्पा.

यंदाही उत्तर "होय".

दुपारी बसचा कंडक्टर धाकट्याकडची पुडी देऊन गेला. लाल फडके, वर दोऱ्याच्या चार गाठी. "पुजारीबुवांनी दिलंय. नदीत सोडायचंय, पुलावरून." निर्माल्य असणार. मी नदीवर जात नाही. माझा विश्वास नाही. पण दुसऱ्याची श्रद्धा कचऱ्यात टाकण्याचा अधिकारही मला नाही. म्हणून पुडी न सोडता कपाटाच्या खालच्या खणात, आधीच्या पुड्यांशेजारी. यंदाची जरा जड. फुले नीट वाळवली नसावीत.

५ मे

अध्यक्षांचा फोन. देवस्थानचे अध्यक्ष एकेकाळी माझ्या वर्गात होते. तर्कशास्त्रात काठावर पास.

"मॅडम, त्या बाई नव्या आहेत, हौशी आहेत. तुमची सही झाली की त्यांचीही होईल."

"म्हणजे त्यांनी माझ्या सहीवरून निष्कर्ष काढायचा?"

"तसं नाही हो. चोवीस तारखेला यात्रा उघडतेय. पहिल्या आठवड्यातच अकरा हजार माणूस आहे. तंबू लागले. कॉलेजात तुम्ही मला पस्तीस मार्क दिलेत, आता तरी पूर्ण द्या."

"त्यातले दोन दयेचे होते. मी वर जाते आहे. पाहून सही करते."

त्यांनी पवित्रा बदलला. मग म्हणाले, "तुमचे गुडघे..."

गुडघे हा हेतू होऊ शकत नाही. चार वर्षे त्यांच्याच नावाखाली मी वर गेलेले नाही, हे मात्र खरे.

८ मे

पायथ्याला पोचले. देवस्थानची दोन-दोन खोल्यांची चाळ, त्यातली शेवटची जागा धाकट्याची. भिंतीला ओल, पण जमीन आरशासारखी. भावजय दारातच उभी होती.

"या वन्सं. तुम्ही येणार म्हटल्यावर सकाळपासून आमच्या घरातली भांडीसुद्धा ताठ उभी आहेत."

"तुमचा नवरा?"

"देवाकडे. उद्या तिकडेच भेटेल. घरी असला तरी असतो कुठं म्हणा."

खिडकीतून यात्रेचा तळ दिसतो. पिवळ्या तंबूंच्या रांगा, पाण्याच्या टाक्या, बांबूंचे कठडे. यात्रा उघडायला सोळा दिवस आहेत आणि लोक आत्ताच येऊन बसले आहेत. एक म्हातारा तंबूबाहेर बसून बूट पायात घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. सराव.

इंजिनियरबाई संध्याकाळी भेटायला आल्या. वय तिशीच्या आत. कमी बोलतात. आवडल्या.

९ मे

डोलीतून वर. सहा तास. चार डोलीवाले, आणि त्यांतला पुढचा बोलका.

"आजी, जरा मागं टेका. परीक्षा घ्यायला निघाल्यासारख्या ताठ बसलात तर आमचे खांदे नापास होतील."

टेकले.

गुहेचे तोंड बुटके आहे. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत शिरले की छत एकदम वर जाते. एका वेळी दीडशे माणसे उभी राहतात. मध्ये पिंडी — हाताने घडवलेली नव्हे, थेंबाथेंबाने वाढलेली. वरून थेंब अजून पडतो. लहानपणी मी दोन थेंबांमधले अंतर मोजत असे. तेव्हा सतरा आकडे होत. आज अकरा झाले. माझी मोजण्याची गती बदलली असेल.

धाकटा सोवळ्यात, हातात पळी. मला पाहून डोळ्यांनीच हसला, मंत्र तोडला नाही. केस पार पांढरे झाले आहेत. मला कुणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

पट्टी पाहिली. अखंड. शेजारी खडकावर रंगाने घातलेली सात वर्षांपूर्वीची तारीख, तीही शाबूत. इंजिनियरबाईंनी भिंग लावून पाहिले, वहीत नोंद केली. म्हणजे तक्ता खरा. सही करायला हरकत नव्हती, आणि पेन मी हातात घेतलेही होते.

मग माझे लक्ष माझ्या बोटांकडे गेले. भिंतीचा आधार घेतला होता, तर बोटे काळी झालेली. गुहेत दोन दिवे अखंड जळतात. दीडशे-दोनशे वर्षांचे काजळ भिंतीवर आहे. खडक काळा, कोनाडा काळा, रंगवलेल्या तारखेवरही काळी साय चढलेली.

काच स्वच्छ आहे.

पुसली असेल, हा पहिला पर्याय. पण काच पुसणारा माणूस प्लास्टर धूत नाही, आणि दोन्ही टोकांचे प्लास्टर पांढरेफेक होते. एकतीस वर्षे मी वर्गात डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सिद्ध करून दाखवला. तो धूर आहे की धुके, हे आधी पाहा, असेही प्रत्येक वेळी बजावले. स्वतः चार वर्षे पाहिले नाही.

इंजिनियरबाईंना फक्त बोट दाखवले. त्यांनी खिशातला चाकू काढून प्लास्टरची कड हलकेच खरवडली. खाली दुसरा थर, करडा. त्याखाली तिसरा. कांद्याच्या पापुद्र्यासारखे निघत गेले.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "ही पहिली काच नाही."

१० मे

काल लिहिणे तिथेच थांबवले. आता क्रमाने.

धाकट्याची पूजा संपेपर्यंत आम्ही थांबलो. त्याने पंच्याला हात पुसले, जवळ आला. इंजिनियरबाईंनी विचारले, "काका, ही काच कधी बदलली आहे का?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिले. अपराध्यासारखे नव्हे. सांगू का, असे विचारल्यासारखे. माझ्या आड लपायचे असावे.

"सांग," मी म्हणाले.

"हो. सहा वेळा."

"का?"

"फुटली म्हणून."

इंजिनियरबाई शांत राहिल्या, हे त्यांचे मोठेपण. "काका, फुटली हे कळावं म्हणूनच ती लावली होती."

"मला तसं कुणी नाही सांगितलं. आधीचे इंजिनियरसाहेब म्हणाले, काच सांभाळा, अखंड राहिली पाहिजे. डझनभर पट्ट्या आणि प्लास्टरची पिशवी माझ्या ताब्यात देऊन गेले. बदलायची नव्हती तर जादा कशाला दिल्या?"

त्या पट्ट्या दुसऱ्या भेगांसाठी होत्या, हे बाईंनी सांगितले. उशीर झालेला होता.

"आणि फुटकी काच गाभाऱ्यात कशी राहू देणार?" तो माझ्याकडे वळला. "ताई, तूच शिकवलंयस की."

शिकवले आहे. मी बारा वर्षांची, तो पाच. वडील मला नियम सांगत, कारण मला एकदा ऐकून पाठ होई. मी ते त्याला शिकवी, कारण पूजा त्याला मिळायची होती. हातात फूटपट्टी घेऊन विचारायची — चिरलेली घंटा? तो ओरडायचा, बाहेर. टवका गेलेला शंख? बाहेर. फुटलेली समई? बाहेर. चुकला की हातावर पट्टी. फारसा चुकत नसे.

"छताला भेग आहे," मी म्हणाले. "मग छत चालतं?"

"छत मला बदलता येत नाही, ताई."

"तक्त्यात 'होय' का लिहिलंस?"

"काच अखंड आहे का, असं विचारलं होतं. होती. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी होती."

तो खोटे बोललेला नाही, हे मला त्याच क्षणी दिसले आणि त्याचाच अधिक संताप आला.

कधी कधी फुटली ते त्याने बोटांवर मोजून सांगितले. पहिली तीन वर्षे नाही. चौथ्या वर्षी एकदा, पाचव्या वर्षी एकदा, सहाव्या वर्षी दोनदा. यंदा वर्ष अर्धेही झालेले नाही, तोवर दोनदा. इंजिनियरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुकडे कुठे आहेत?" त्यांनी विचारले. "तडा कुठून कुठे गेला ते पाहता आलं असतं. निदान भेग रुंदावतेय की खाली सरकतेय एवढं कळलं असतं."

"पाण्यात सोडायला दिले."

"कुणाकडे?"

तो गप्प राहिला. पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "खाली जाणाऱ्यांकडे."

११ मे

नवी पट्टी बसली. बाईंनी स्वतः बसवली आणि धाकट्याच्या हातून राखीव पट्ट्या काढून घेतल्या. त्याने मोजून दिल्या. सहा.

१२ मे

पायथ्याला परत. आज दोन संभाषणे झाली. दोन्ही नोंदवून ठेवते.

पहिले, अध्यक्षांशी, कार्यालयात. टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक, वेळापत्रकावर अध्यक्षांची बोटे.

"मॅडम, आजच्या घडीला काच फुटलेली आहे का?"

"नाही."

"मग झालं. आजचं खरं ते लिहा. मागचं कशाला उकरायचं?"

"आजची काच कालची आहे. तिला अजून काही माहीत नाही."

"अकरा हजार लोकांना मी काय सांगू?"

"जे मला आत्ता सांगताय त्याच्या उलट."

ते उठले, खिडकीपाशी गेले. तंबू मोजत असावेत. मग पाठमोरेच म्हणाले, "बंद करायचं तर कुणावर तरी यावं लागेल. देवावर तर टाकता येत नाही. तुम्हाला कळतंय ना मी कुणाबद्दल बोलतोय?"

कळत होते.

दुसरे संभाषण घरी. भावजयीने पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली. ती कधी समोर बसत नाही.

"वन्सं, तुम्ही लिहाल ते खरं असेल, हे मला माहीत आहे. पण ते लिहिलंत की ह्यांची पूजा जाईल. पाच पिढ्यांची. ह्यांना दुसरं काहीच येत नाही हो. बाजारातून कोथिंबीर आणायला पाठवलं तर गवत घेऊन येतात."

मी सांगितले की एका माणसाची पूजा आणि दीडशे माणसांचे डोके या दोन वस्तू एका तराजूत घालता येत नाहीत.

"घालू नका ना. मी कुठं म्हणतेय घाला? मी फक्त म्हणतेय, लिहिताना हात जरा सैल ठेवा."

धाकटा तेवढ्यात आला. उंबऱ्यातच बसला, पायातले काटे काढत. मान वर न करता म्हणाला, "तू दरवर्षी सही करत होतीस, ताई. म्हणून मी निर्धास्त होतो. तुझी सही आली म्हणजे ठीकच असणार."

"आणि मी सही करत होते तुझ्या 'होय'वर. याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी, आणि खाली जमीन नाही."

"पण तुला तर —"

"आता 'पण' नको," मी म्हणाले.

तो थांबला. लहानपणीही फूटपट्टी उचलली की असाच थांबायचा.

१३ मे

अहवाल लिहिला. तीन कलमे सरळ आहेत. भेग सक्रिय आहे. तिची गती वाढते आहे. गुहा तत्काळ बंद करावी. यांत हात सैलही नाही, घट्टही नाही.

चौथ्या कलमावर सकाळ गेली. काच बदलली गेली, हे तथ्य. समितीला ते कळले नाही, हेही तथ्य. मग क्रियापद कोणते? "कळवली नाही" म्हटले तर तो विसराळूपणा ठरतो. "दडवून ठेवली" म्हटले तर हेतू येतो. हेतू कशावरून? तुकड्यांवरून. ज्याला काही दडवायचे नाही तो पुरावा पाण्यात सोडत नाही. आणि कुणाच्या हाती दिला हे विचारल्यावर गप्प राहत नाही. तो भाऊ आहे म्हणून मी सौम्य क्रियापद निवडले, तर उद्या पहिली तीन कलमेही कुणी मानू नयेत.

"...व ही बाब समितीपासून दडवून ठेवली."

इंजिनियरबाईंनी वाचले. "मॅडम, 'दडवून' हवंच का? मला ते काका तसे वाटले नाहीत."

"वाटणे हे प्रमाण नव्हे," मी म्हणाले. त्यांनी सही केली. मीही केली.

१५ मे

यात्रा पुढे ढकलल्याची पाटी लागली. दुपारपर्यंत कार्यालयाच्या दोन खिडक्या फुटल्या. बूट घालण्याचा सराव करणारा म्हातारा माझ्यापाशी आला. शांत होता. म्हणाला, "मला पुढच्या वर्षीची खात्री नाही बाई. छताखाली मेलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बिघडलं असतं," मी म्हणाले.

त्याने विचार केला. मग बूट काढून हातात घेतले आणि चालत गेला.

१६ मे

घरी परतले. अध्यक्षांचे दोन फोन. पट्टी शाबूत आहे, पाच दिवस झाले, आता तरी फेरविचार करा. आवाजात "मॅडम" उरलेले नाही.

१७ मे

शाबूत.

१८ मे

शाबूत. वर्तमानपत्रात माझ्याविषयी एक ओळ: देव न मानणाऱ्या बाईंनी देव बंद केला. पहिला अर्धा भाग बरोबर आहे.

माझे चुकले असेल तर? तर्क शुद्ध असून निष्कर्ष खोटा निघू शकतो; आधारविधान खोटे असले की झाले. हे मी हजारदा शिकवले आहे. जेवण गेले नाही.

१९ मे

सकाळी सव्वानऊ. इंजिनियरबाईंचा फोन. एकच शब्द. "फुटली."

२० मे

बाईंनी सविस्तर कळवले. काच उभी चिरली. शिवाय भेगेच्या कडेचा बोटभर जाड पापुद्रा सुटून पिंडीशेजारी पडला आहे. गुहेत कोणी नव्हते. धाकटा नुकताच रोजची पूजा आटोपून बाहेर आला होता.

नुकताच म्हणजे किती, हे मी विचारले. "दहा मिनिटं," त्या म्हणाल्या.

सव्वानऊ वजा दहा मिनिटे. हे मी का लिहिते आहे, ते कळत नाही.

२६ मे

देवस्थानची चौकशी. लांब टेबल, पाच खुर्च्या या बाजूला, एक त्या बाजूला. धाकट्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याला सदऱ्यात पाहण्याची सवय नाही; कुणाचा तरी मागून आणल्यासारखा वाटला.

अध्यक्षांनी आधी मला विचारले. "मॅडम, काच फुटल्याचं पुजाऱ्यांनी तुम्हाला कधी कळवलं होतं?"

"नाही. तोंडी नाही, लेखी नाही."

मग त्याला. "म्हणजे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. इतका वेळ, की टेबलाच्या कडेला बसलेला कारकून लिहायचा थांबला. मग तो खाली बघून म्हणाला, "देवाला."

कुणीतरी हसले. मी हसले नाही. मला लाज वाटली. पाच पिढ्यांचा पुजारी, माझ्या हाताखाली शिकलेला, आणि चौकशीत हे उत्तर! देव साक्षीला येत नाही. निदान मौन तरी पाळायचे.

बाहेर पडताना त्याने माझी पिशवी घेतली, बसपर्यंत आणून दिली. "गुडघे कसे आहेत?" एवढेच विचारले.

६ जून

निर्णय आला. धाकट्याचा पूजेचा हक्क रद्द. कारण म्हणून चौथे कलम शब्दशः उद्धृत केले आहे. पंधरा दिवसांत जागा रिकामी करायची. गुहा बेमुदत बंद. बाहेर पायथ्याला छोटे देऊळ होणार, तिथे पगारी पुजारी.

भावजयीचा फोन. तिने दोष दिला नाही. "आमचं बिऱ्हाड लहान आहे, वन्सं. दोन ट्रंका आणि हे."

माझ्याकडे या, असे मी म्हणाले. बाहेरची खोली रिकामीच असते.

१४ जून

आले. बिऱ्हाड खरोखरच लहान आहे. भावजयीने तासाभरात स्वयंपाकघर ताब्यात घेतले आणि माझे मिठाचे भांडे कुठेतरी नाहीसे केले. धाकटा गॅलरीत बसून असतो. इथून डोंगर दिसत नाही. समोर पाण्याच्या टाकीची पाठ. तो तिच्याकडेच पाहतो. सकाळी चारला उठतो, स्नान करतो आणि मग काय करायचे ते त्याला सुचत नाही.

"ताई, नदी लांब आहे का गं इथून?" त्याने विचारले.

"वीस मिनिटं. का?"

"काही नाही. तुला एवढं चालावं लागायचं, म्हणून."

काय म्हणायचे होते कोण जाणे. उद्या त्यांच्यासाठी कपाटाचा खालचा खण रिकामा करून द्यायचा आहे.

१५ जून

खण रिकामा केला. लाल पुड्या सहा. गाठी सोडल्या.

निर्माल्य नाही. कापसात गुंडाळलेले काचेचे तुकडे, प्रत्येक पुडीत सगळे जोडता येतील असे, आणि एकेक चिठ्ठी, तारीख घालून. पहिली तीन वर्षांपूर्वीची: "ताई, काच फुटली. तीन वर्षं टिकली होती. असं का व्हावं, तुमच्या समितीत विचारशील का? तोवर नवी बसवली आहे. तुकडे पुलावरून खोल पाण्यात सोड. इथल्या ओढ्यात यात्रेकरूंचे पाय कापतील." शेवटची यंदाच्या मे महिन्यातली: "पुन्हा फुटली. तू सही करतेस म्हणजे ठीकच असेल. तरी कळवतो."

देवाला, असे तो म्हणाला होता. माझ्याकडे पाहून.

दुरुस्तीपत्र लिहिले. चार ओळी. कलम चार असत्य आहे. दडवून ठेवणारी व्यक्ती मी. तुकडे आणि चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत. कार्यालय दहाला उघडते.

मग त्याला हाक मारली. तो दारात आला, माझ्या मांडीवरच्या काचा पाहिल्या.

"अजून सोडल्याच नाहीस होय?" तो म्हणाला. "जपून, ताई. बोट कापेल."